उंबऱ्याच्या आत तमिळ नाही

अप्पा, शेजारच्या फ्लॅटमध्ये पुण्याच्या एक बाई राहायला आल्यात. मुलाला ओरगडमला मोटारींच्या कारखान्यात नोकरी लागली म्हणून आल्या, आणि आपल्या या वेस्ट मांबलमच्या गल्लीत मराठी बोलणारं माणूस त्यांना एक मीच सापडले. काल संध्याकाळी गच्चीवर वाळलेले कपडे काढताना त्यांनी विचारलं, "तुमचे वडील काय करायचे हो?" मी म्हटलं, "बोलायचे." त्यांना वाटलं मी थट्टा करतेय. मग सांगितलं की कीर्तनकार होते, इकडे भागवतर म्हणतात, चार-चार तास उभं राहून बोलायचे, गायचे, बायकांना रडवायचे. "अय्या, कित्ती छान!" म्हणाल्या. "आणि शेवटी कुठे असायचे?" मी म्हटलं, "सेंट्रल स्टेशनजवळ." यात खोटं काय आहे? सेंट्रल स्टेशनजवळच होतात तुम्ही, फक्त तुरुंगाच्या भिंतीच्या आत. बाई म्हणाल्या, "हो का, मग गाड्यांच्या आवाजानं झोपेचं खोबरं होत असेल." मी इतकी हसले की हातातला परकर खाली अंगणात जाऊन पडला. तो आणायला जिने उतरले आणि चढेपर्यंत सगळं हसू संपलं होतं. आज सकाळी कॉफी झाल्यावर हे लिहायला बसलेय.

तुमच्या बोलण्यावर आपलं घर चालायचं, हे मी कधी नाकारलं नाही. रामनवमीचे मांडव, मार्गळी महिन्यातल्या सभा, कुणाची साठीशांत, कुणाच्या नव्या घराची पूजा, सगळीकडे तुम्ही. डोक्याला जरीचा पटका, गळ्यात हार, हातात चिपळ्या आणि तोंडात तमिळ. आणि कसलं तमिळ! मैलापूरच्या जुन्या पंडितांनी मान डोलवावी असलं. मध्येच साकी, मध्येच दिंडी, चाल आपली मराठी आणि शब्द तमिळ. पण घरी आलात की बाहेर चपला काढाव्यात तसं ते तमिळ काढून ठेवायचात. "उंबऱ्याच्या आत तमिळ नाही." हा आपल्या घरचा कायदा. तंजावर सोडून किती पिढ्या झाल्या ते तुम्हालाही धड सांगता यायचं नाही, महाराष्ट्र तुम्ही जन्मात पाहिला नव्हता, आणि तुमचं ते मराठी तरी काय, हेल तमिळ, निम्मे शब्द तमिळ, उरलेले कुणाच्या तरी खापरपणजोबांच्या काळातले. या पुण्याच्या बाईंनी ऐकलं असतं तर ही कुठली भाषा म्हणून विचारलं असतं. पण मिजास केवढी! जेवताना माझ्या तोंडून एक तमिळ शब्द गेला की तुम्ही माझ्यासमोरचं ताट हातभर मागे ओढायचात, आणि तो शब्द मराठीत म्हणेपर्यंत ते पुढे यायचं नाही.

कपाटाच्या दारात माझं बोट चेंगरलं होतं तो दिवस तुम्हाला आठवत नसणार. मी लहान होते. शाळेत तमिळ, गल्लीत तमिळ, खेळणं तमिळ, तर कळवळलेही तमिळमध्येच. "वलिक्कुदु अप्पा, वलिक्कुदु!" म्हणत तुमच्याकडे धावले. दुखतंय, एवढंच हो. तुम्ही झोपाळ्यावर बसून पानाला चुना लावत होतात. मान जराशी वर केलीत, डोळे माझ्यावर ठेवलेत आणि म्हणालात, "मराठीत सांग." माझं नख काळंनिळं पडलं होतं आणि तुम्ही हातात पान धरून थांबला होतात. हुंदक्यांमधून "दुखतं" म्हटलं तेव्हा उठलात. मग बोटावर फुंकर घातलीत, ओला फडका बांधलात, आणि दुसऱ्या दिवशी तुमच्या स्वतःच्या लहानपणच्या चिपळ्या मला दिल्यात. हे कुणाला सांगितलं तर म्हणतील, बघ, माया होती की नाही! असेल. कायदा पाळून झाल्यावर जेवढी उरायची तेवढी होती.

आता पेटीवाल्या मामांचं. ते किती वर्षं तुमच्या डाव्या हाताला बसून हार्मोनियम वाजवत होते! मला मांडीवर बसवून भाता मारायला त्यांनीच शिकवलं. त्या संध्याकाळी आपल्या घराजवळच्याच लग्नाच्या हॉलमध्ये तुमचं कीर्तन होतं. कथा रंगात आली आणि तुम्ही एक ओळ विसरलात. होतं कधी कधी, वय होत चाललं होतं. मामांनी खालून ती ओळ सांगितली. जरा मोठ्यानं सांगितली, एवढाच त्यांचा गुन्हा. पुढच्या रांगेतली माणसं हसली. तुम्हीही हसलात, वर त्यांच्यावर एक विनोद केलात, कथा पुरी केलीत, आरती घेतलीत, शाल घेतलीत, नारळ घेतलात. नंतर मागच्या खोलीत ते पेटीला खोळ घालत खाली वाकले असताना तुम्ही पितळी समई उचललीत. मी दाराबाहेर तुमची शाल हातावर घेऊन उभी होते. आतून आवाज आला तेव्हा मला वाटलं, समई पडली. मामांच्या पाठीमागे बायको आणि दोन मुली राहिल्या. एका ओळीसाठी, अप्पा! तीही तुम्हालाच हवी होती.

कोर्टात तुम्ही काय बोललात ते मी बाकावर बसून ऐकलंय. जज्जसाहेबांपुढे हात जोडून, आवाज खालीवर करत, मध्येच थांबून, मध्येच डोळे पुसून. वकील बोलून थकला तरी तुमचं संपेना. सगळं तमिळमध्ये. गळ्याला दोर लागायची वेळ आली तेव्हा तमिळ चाललं बरं का तुम्हाला! फाशी टळली, जन्मठेप झाली. आणि आत गेल्यावर वर्ष व्हायच्या आधी दुसऱ्या एका कैद्यानं तुमच्या पेल्याला तोंड लावलं, म्हणून जेवणाचं ताट त्याच्या तोंडावर हाणलंत. माणूस मारून बसलात, आणि सोवळं मात्र शाबूत! तो निघाला कुणा मोठ्या टोळीतला. त्याच्या माणसांनी तुम्हाला आतच संपवलं असतं, म्हणून, आणि तुम्हीही कुणाला तरी संपवाल म्हणून, तुम्हाला कडक पहाऱ्याच्या ब्लॉकमध्ये टाकलं. बाँब ठेवणारे, टोळ्या चालवणारे, पळून जाऊन पुन्हा पकडलेले, आणि त्यांच्यात आमचे भागवतर. शोभलात हो!

त्या आधी भेटीला यायचो तेव्हा तुम्ही भरभरून बोलायचात. लांबलचक जाळी, इकडून पन्नास माणसं ओरडतायत, तिकडून पन्नास, कुणी कुठल्या भाषेत ओरडतंय कोण बघतो? सांबारात डाळ नाही, शेजारचा घोरतो, आईनं कपाळाचं कुंकू मोठं लावावं, आणि लोकांनी विचारलं तर मुंबईला कीर्तनांचा मुक्काम पडलाय म्हणून सांगावं. मुंबईला! पण कडक पहाऱ्याच्या ब्लॉकमध्ये भेट वेगळी. छोटी खोली, मध्ये दुहेरी जाळी, आणि जाळीच्या टोकाला खुर्चीवर एक अधिकारी, हातात छडी. बोललेला प्रत्येक शब्द त्याला ऐकू गेला पाहिजे आणि कळलाही पाहिजे. म्हणजे तमिळ किंवा इंग्रजी. पहिल्याच भेटीत तुम्ही "काय गं, कशी आहेस" म्हणालात, आणि त्यानं छडी टेबलावर आपटली. "तमिळ्ल पेसुंग, अय्या." तमिळमध्ये बोला. त्यानं "अय्या" म्हटलं होतं, आदरानंच म्हटलं होतं. तुम्ही तोंड मिटलंत. आम्हाला वाटलं, रागानं मिटलंय, पुढच्या वेळी उघडेल.

उघडलं नाही. महिन्यामागून महिने. सकाळी उठून आई दहीभात कालवायची, आंबेहळदीचं लोणचं घालायची, मांबलमला गाडी पकडून आम्ही पार्क स्टेशनला उतरायचो, तिथून चालत. दारावर डबा परत करायचे, त्या ब्लॉकला घरचं अन्न चालत नव्हतं, हे आईला पहिल्या दिवसापासून माहीत होतं तरी ती डबा करायचीच. मग तपासणी, बांगड्या काढा, पिना काढा, आणि आत गेलं की तुम्ही जाळीपलीकडे ताठ बसलेले. आई बिचारी तमिळमध्ये सांगायला लागायची. मुलीला टेलिफोन एक्स्चेंजमध्ये नोकरी लागली, ट्रंक कॉलवर बसते, छपराला गळती लागली होती ती काढली, धाकट्या भावजींना मुलगा झाला. आयुष्यात तुमच्याशी कधी त्या भाषेत बोलली नव्हती. भाजीवाल्याशी बोलायची ती भाषा नवऱ्याशी बोलायची म्हणजे तिला इतका संकोच व्हायचा की ती पदर तोंडाला लावून बोलायची, आणि अधिकारी म्हणायचा, अम्मा, पदर काढा, ऐकू येत नाही. तुम्ही मान हलवायचात. बातमी वाईट असली तर डोळे मिटायचात. वेळ संपली की नमस्कार करून आत जायचात. नंतर पार्क स्टेशनच्या बाकावर बसून तो दहीभात आम्ही दोघी खायचो. मी रोज एक्स्चेंजमध्ये कानाला यंत्र लावून बसायची, अप्पा. दिल्ली, कलकत्ता, कोइंबतूर. अर्धं ऐकू यायचं, मध्येच लाइन तुटायची, तरी माणसं घसा फोडून सांगायची, बाबा गेले, मुलगी झाली, पैसे नकोत तूच ये. कुठल्याही भाषेत, मोडक्यातोडक्या. आणि तुमच्यासमोर हातभर अंतरावर बायको बसलेली असायची.

याचाही मी फार बाऊ केला नसता. तुमच्याशी बोलायला माझा जीव टांगलेला नव्हता. पण मग ते स्थळ आलं.

मुलगा तिरुवल्लिकेणीचा, आपल्यातलाच, बँकेत. घरच्यांना तुमचं सगळं माहीत होतं. मुंबईच्या मुक्कामाची थाप आईनं त्यांना मारली नाही, पहिल्याच दिवशी खरं सांगून टाकलं, आणि तरी ते बघायला आले. त्यानं मला विचारलं, "एक्स्चेंजमध्ये तुम्ही लोकांचं बोलणं ऐकता का?" मी म्हटलं, "चांगलं असलं तरच." तो असा हसला की हातातली कॉफी बशीत सांडली. मला तो आवडला. फार आवडला. हे मी आईलाही इतकं सरळ कधी सांगितलं नाही. तुम्हाला सांगते, कारण आता तुम्हाला मध्ये बोलता येत नाही. त्या आठवड्यात मी कोइंबतूर मागणाऱ्याला कलकत्ता जोडून दिलं आणि सुपरवायझरची बोलणी हसत हसत खाल्ली.

त्यांच्या घरी त्याच्या आजोबांचा शब्द चालायचा. तुरुंगाला त्यांची हरकत नव्हती. एकच अट. मुलीचा बाप जिवंत आहे, तर वाङ्निश्चयाचा शब्द बापाच्या तोंडून यायला हवा. कन्यादान खुशाल काकांनी करावं, पण "माझी मुलगी दिली, माझ्या वतीनं भावानं द्यावी" एवढं बापानं म्हटलं पाहिजे, आणि त्यांच्या घरच्या माणसानं ते कानांनी ऐकलं पाहिजे. आईला तर ही अट ऐकून आनंदच झाला. म्हणाली, "हे काय अवघड? मुलीसाठी बोलतील ते." काका तुरुंगाच्या दारापर्यंत आले आणि समोरच्या चहाच्या दुकानात बसले, ऑफिसात कुणी पाहिलं तर काय म्हणून. तुमचाच भाऊ. आत गेलो आम्ही तिघं, आई, मी आणि मुलाचे मामा. मामा नव्या कोऱ्या जरीकाठी धोतरात, खांद्यावर उपरणं, हातात पानसुपारीची पिशवी. तपासणीवाल्यानं ती पिशवी उलटी करून सुपाऱ्या एकेक करून हलवून पाहिल्या. मामांनी त्या पुन्हा एकेक करून पिशवीत भरल्या. सज्जन माणूस होता.

तुम्ही आत आलात, मामांना पाहिलंत, आणि आई सांगायच्या आधीच तुम्हाला कळलं. तुमचा चेहरा उजळला, अप्पा. खरंच उजळला. ताठ बसलात, घसा साफ केलात, कीर्तनाला उभे राहताना करायचात तसाच, आणि म्हणालात, "माझी मुलगी—" टेबलावर छडी आपटली. "तमिळ्ल, अय्या." तुम्ही थांबलात. पुन्हा, "माझी—" पुन्हा छडी. मग आई उठली. जाळीच्या टोकाला जाऊन त्या अधिकाऱ्यापुढे तिनं हात जोडले. लग्नाचा शब्द आहे सार, दोनच वाक्यं आहेत, आमच्या भाषेत म्हणायची असतात, मी तुम्हाला अर्थ सांगते. तो काही राक्षस नव्हता. तो म्हणाला, "अम्मा, मलाही मुलगी आहे. पण मला न कळलेला शब्द या खोलीतून बाहेर गेला तर माझी नोकरी जाईल." जरा विचार केला, आणि म्हणाला, "असं करा. अय्यांनी आधी तमिळमध्ये सांगावं, काय सांगायचं ते. मला कळलं, की मग तुमच्या भाषेत म्हणा, कितीही वेळा म्हणा. मी छडी खाली ठेवतो." आणि त्यानं ती खरोखर खाली ठेवली.

"झालं तर मग!" मामा म्हणाले. तेही तमिळमध्येच म्हणाले. "भागवतर, म्हणा. पोण्णै कुडुक्करेन. मुलगी देतो. एवढंच म्हणा, मग आपलं मराठीत म्हणा. देवाला काय, दोन्ही कळतं." मी तुमच्या तोंडाकडे बघत होते. तुम्ही एक बोट वर केलंत, आणि छडी खाली आहे तोवर घाईघाईनं मराठीत म्हणालात, "पहिला शब्द मराठीत. मग तमिळ." अधिकाऱ्यानं छडी उचलली. आई म्हणाली, "सार, ते म्हणतात पहिला आमच्या भाषेत, दुसरा तमिळमध्ये." तो म्हणाला, "पहिला तमिळ." तुम्ही मान हलवलीत. नाही.

पहिला आणि दुसरा! तमिळ म्हणायला तुमची हरकत नव्हती. म्हणजे उंबऱ्याचा कायदासुद्धा मोडायला तयार होतात तुम्ही, फक्त आधी कोण, याच्यावर तुमचं अडलं होतं. वाङ्निश्चयाचा पहिला उच्चार परक्या भाषेत कसा? दुसऱ्यांदा म्हटलेला तो शब्दच नव्हे. डोंबल तुमचं! मामा समजूत घालत होते, आई रडत होती, अधिकारी घड्याळ बघत होता, आणि तुम्ही भिंतीकडे. मग मी पुढे झाले. जाळीला तोंड लावून म्हटलं, "सोल्लुंगो अप्पा. प्लीज, सोल्लुंगो." म्हणा ना, अप्पा. तमिळमध्ये म्हटलं, कारण मराठीत म्हटलं असतं तर त्यानं मलाच बाहेर काढलं असतं. तुम्ही मान जराशी वर केलीत आणि डोळे माझ्यावर ठेवलेत. ते डोळे मला ओळखीचे होते. माझं बोट काळंनिळं पडलं होतं आणि तुमच्या हातात पान होतं. तुम्ही वाट बघत होतात. मी काही पुढे बोलले नाही. वेळ संपली. तुम्ही उठून मामांना दोन्ही हातांनी नमस्कार केलात, कथा संपल्यावर श्रोत्यांना करतात तसा, आणि आत गेलात.

मामा आमच्याबरोबर पार्क स्टेशनपर्यंत आले. गाडी यायच्या आधी आईला म्हणाले, "वैनी, वडील परदेशी असते तर चाललं असतं. भ्रमिष्ट असते तर चाललं असतं. देवाघरी गेलेले असते तरी काही अडलं नसतं. पण बाप समोर बसलाय, शुद्धीवर आहे, आणि मुलगी देतो म्हणत नाही. हे मी घरी कसं सांगू?" त्यांचं काही चुकलं नाही. तुम्ही मेलेले असतात तर माझं लग्न झालं असतं, अप्पा. इतकं साधं होतं ते. तो मुलगा एकदा एक्स्चेंजच्या दाराशी येऊन उभा राहिला. म्हणाला, आजोबा ऐकत नाहीत. मी म्हटलं, "मग तुम्ही कुणाचं ऐकता?" तो "येतो" म्हणून निघून गेला. त्याच्याबद्दलही मला फार आदर उरला नाही, पण घरी येऊन मी न्हाणीघरात नळ सोडून पोटभर रडले. त्यानंतर आईनं दाखवलेल्या कुठल्याही स्थळापुढे मी कॉफीचा ट्रे घेऊन गेले नाही.

तुमच्या भेटीलाही आले नाही. आई मात्र जायची. पुढच्याच महिन्यात सकाळी दहीभात कालवताना पाहिलं तेव्हा माझं डोकंच फिरलं. "कशाला जातेस? बोलत नाहीत, चालत नाहीत, तुझ्या मुलीचं वाटोळं केलं, कशाला?" ती म्हणाली, "बघून येते." मी म्हटलं, "कोर्टात तमिळ चालतं, सभेत चालतं, आणि आपल्याशीच का नाही?" तिनं लोणच्याची बरणी बंद केली, हात पुसले आणि म्हणाली, "अगं, आपण गेलो की त्यांना ते घर वाटतं. घरात कसं बोलतील?" मला हसावं की रडावं कळेना. जाळी म्हणजे उंबरा! माणूस मारल्यावर घर राहत नाही हे त्या शहाण्या माणसाला कुणी सांगितलं नव्हतं, आणि त्याच्या बायकोलाही नाही. अशी ती तुमच्या शेवटापर्यंत जात राहिली, समोर बसून तमिळमध्ये घरच्या गोष्टी सांगत राहिली, आणि तुम्ही त्या घरात ताठ बसून राहिलात.

मग एक दिवस निरोप आला की छातीत कळ आली आणि गेलात. काका या वेळीही बाहेरच थांबले. तुमचं गाठोडं द्यायला त्या ब्लॉकचा एक म्हातारा पहारेकरी आला. धोतर, पेला, तुळशीची माळ. आईच्या पाया पडला. म्हणाला, "अम्मा, अय्या गेले, आमचा ब्लॉक मुका झाला. रोज संध्याकाळी कोठडीच्या दाराशी बसून कथा सांगायचे. काय तमिळ, अम्मा! बाँबवालेसुद्धा गजाला कान लावून बसायचे. राजा मुलगी देतो, तो भाग आला की अय्यांचाच गळा दाटायचा. तो भाग पुन्हा पुन्हा सांगायला लावायचे आम्ही." मी ऐकत उभी होते. राजा मुलगी देतो! तिकडे रोज संध्याकाळी देत होतात मुलगी, तमिळमध्ये, पहिल्या शब्दापासून शेवटच्या शब्दापर्यंत, खुनी आणि दरोडेखोरांना रडवत. माझ्या अंगाचा असा तिळपापड झाला की तुमच्यासाठी म्हणून डोळ्यांत जे काही जमलं होतं ते जागच्या जागी आटलं. मी आईकडे पाहिलं. वाटलं, आता तरी हिला कळेल. ती हसत होती, अप्पा. डोळ्यांतून पाणी वाहतंय आणि हसतेय. म्हणाली, "बोलत होते ना? बरं झालं बाई. मला सारखं वाटायचं, गप्प राहून राहून जीभ आत गेली की काय."

तिच्यावर मला रागावता आलं नाही, म्हणून तो रागही तुमच्याच नावावर आहे. आईही जाऊन आता बरीच वर्षं झाली. आपलं ते मराठी बोलायला ती गेल्यापासून कुणी नाही. काकांची नातवंडं शोळिंगनल्लूरला कॉम्प्युटरवर बसतात, मला 'हाय पाट्टी', म्हणजे हाय आजी, म्हणतात. पुण्याच्या बाईंशी बोलून बोलून माझं मराठी आता त्यांच्यासारखं व्हायला लागलंय, तुमच्या कपाळाला आठी पडली असती. तुमच्या चिपळ्यांपैकी एक हरवली, दुसरी या टेबलाच्या पायाखाली आहे, कारण टेबल डुगडुगतं. लोक म्हणतात, मेलेल्या माणसावर राग धरू नये. का नाही धरायचा? तुम्ही मेलात म्हणून पेटीवाल्या मामांच्या मुली परत बापाच्या मांडीवर बसल्या का? मी तुम्हाला क्षमा केलेली नाही, करणारही नाही, आणि हे तुम्हाला सांगायला मला मुळीच जड जात नाहीये.

हे कुठे टाकायचं नाही, टाकायला तुमचा पत्ता नाही. कपाटात आईच्या साड्यांखाली ठेवून देईन. एक मात्र सांगायचं राहिलं. सकाळी हे पत्र मी तमिळमध्येच सुरू केलं होतं. मुद्दाम, तुम्हाला झोंबावं म्हणून. दोन ओळी लिहिल्या, चांगल्या उतरल्या होत्या. मग वाटलं, हे काही तुम्ही ऐकून घेणार नाही. फाडून टाकल्या, आणि मराठीत सांगायला बसले.